क्षेत्रवास आणि परतीची वाट

१

उतारवयात राहण्यासाठी गाव निवडताना मराठी माणसाने पाण्याचा विचार नेहमीच आधी केलेला दिसतो. आज निवृत्त होणारा गृहस्थ नदीकाठचे एखादे लहान गाव शोधू लागला, की तो हवेची, घरभाड्याची, दवाखान्याची आणि शेजाराची चौकशी करतो. दोन शतकांपूर्वीचा त्याचा पूर्वज थोड्याफार फरकाने हीच चौकशी करीत असे. घाटाच्या पायऱ्या म्हाताऱ्या गुडघ्यांना झेपतील का, एखाद्या वाड्यात खोली मिळेल का, अन्नछत्र चालू आहे का, सायंकाळी पुराण सांगणारा कोणी आहे का, आणि अखेरीस आपले उत्तरकार्य रीतीप्रमाणे होईल का, हे त्याचे प्रश्न होते. रम्य स्थळ, परवडणारा खर्च आणि जवळ वाहते पाणी या तिन्ही गोष्टी त्यालाही हव्याच होत्या. या निवडीला त्याने ‘क्षेत्रवास’ असे नाव दिले होते.

या शब्दाच्या शेजारी धर्मशास्त्राने आणखी एक शब्द ठेवला आहे, तो म्हणजे ‘क्षेत्रसंन्यास’. क्षेत्रवास करणारा तीर्थाच्या ठिकाणी राहतो. क्षेत्रसंन्यास घेणारा मात्र देहपात होईपर्यंत त्या क्षेत्राची सीमा ओलांडणार नाही, असा संकल्प सोडतो. काशीत मरण आले तर मुक्ती मिळते, या श्रद्धेमुळे तेथील क्षेत्रसंन्यासाला विशेष महत्त्व आले. ऐनवेळी आपण बाहेरगावी असलो तर काय, ही भीती त्या संकल्पामागे होती. परतीची वाट स्वतःहून बंद करून घेणे, हे या व्रताचे मर्म होय.

मराठी परंपरेत याच्या उलट दिशेचा तिसरा शब्दही आहे, तो म्हणजे ‘वारी’. वारकरी चंद्रभागेत स्नान करतो, कळसाचे दर्शन घेतो आणि आपल्या शेताकडे परततो. जाणे आणि येणे मिळून वारी होते. पंढरीत कायमचे घर करणे हे सर्वसामान्य वारकऱ्याचे उद्दिष्ट कधीच नव्हते, आणि पेरणी-काढणीच्या चक्रात बांधलेल्या कुणब्याला ते शक्यही नव्हते. क्षेत्रवासाच्या ज्या नोंदी आपल्यापुढे आहेत त्या बहुतांशी सरदार-जहागीरदारांच्या आणि ब्राह्मण कुटुंबांच्या आहेत, ही मर्यादा आरंभीच मान्य केली पाहिजे. प्रस्तुत लेखात या नोंदींना एकच प्रश्न विचारायचा आहे : पाण्याकाठी राहावयास गेलेल्या माणसाला, इच्छा झाली तर, परत येता येत होते काय?

२

पेशवे घराण्यापुरते बोलायचे तर या प्रश्नाची पहिली उत्तरे गोदावरीच्या काठी मिळतात. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचा आपले पुत्र थोरले माधवराव यांच्याशी मतभेद झाला आणि त्या नाशिकजवळच्या गंगापूर येथे जाऊन राहिल्या. १७८८ मध्ये त्यांचे निधन झाले. नातू सवाई माधवराव यांना त्यांनी लिहिलेले उपदेशपर पत्र अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. बाल पेशव्याने दिवस कसा घालवावा, याची त्यात बारकाईने आखणी आहे. नदीकाठी बसलेल्या या करारी बाईंचे मन शनिवारवाड्यातून बाहेर पडले नव्हते, हे त्या पत्रातून ध्यानात येते. त्यांना पुणे दूर होते. तरी पत्र पोहोचण्याइतके ते जवळही होते.

गंगापूरपासून थोड्याच अंतरावर चावंडस नावाचे गाव होते. रघुनाथरावांनी तेथे वाडा बांधला, आणि आनंदीबाईंच्या नावावरून ते गाव आनंदवल्ली म्हणून ओळखले जाऊ लागले. कारभाराशी बेबनाव झाला की रघुनाथराव येथे येत, स्नानसंध्येत काळ घालवण्याची भाषा करीत, आणि संधी दिसताच पुन्हा फौज उभी करीत. त्यांच्या बाबतीत परतीची वाट इतकी मोकळी होती की त्या राहण्याला निवृत्ती म्हणणे कठीण आहे. ही वाट अखेर १७८२ च्या सालबाईच्या तहाने बंद केली. रघुनाथरावांनी चार महिन्यांच्या आत राहण्याचे ठिकाण ठरवावे, आणि ते स्वखुशीने महादजी शिंद्यांकडे राहावयास आले तर त्यांना दरमहा पंचवीस हजार रुपये मिळावेत, असे कलम त्या तहात होते. निवृत्तिवेतन आणि निवासस्थान यांची सांगड राजकीय तहात घातल्याचे हे ठळक उदाहरण आहे. रघुनाथरावांनी गोदावरीकाठचे कोपरगाव पसंत केले. तेथेच डिसेंबर १७८३ मध्ये ते वारले. गाव त्यांनी स्वतः निवडले होते, परंतु ते कोणत्या मुदतीत निवडावे आणि निवडल्यावर काय करू नये, हे दुसऱ्यांनी ठरवले होते.

कृष्णाकाठचे उदाहरण नाना फडणवीसांचे आहे. वाईजवळ मेणवली येथे त्यांनी बांधलेला वाडा आणि त्याला लागून असलेला अर्धचंद्राकृती घाट आजही पाहावयास मिळतो. मेणवलीच्या दप्तराने पुढे इतिहाससंशोधकांना विपुल सामग्री पुरवली. वाड्याच्या मागच्या दारातून नदीपर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या पाहिल्या, की येथे निवांतपणे राहण्याचा विचार बांधणाऱ्याच्या मनात असावा असे वाटते. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतरच्या धामधुमीत, १७९६ मध्ये, नाना पुणे सोडून सातारा, वाई आणि महाड असे फिरले. तथापि त्या वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा पुण्याच्या कारभारात होते, आणि १३ मार्च १८०० रोजी त्यांना मृत्यू आला तो पुण्यातच. नदीकाठचे घर होते, ऐपतही होती. उसंत मात्र मिळाली नाही.

३

ज्यांना असे वाडे बांधता येत नव्हते, त्यांनी काय केले? त्यांच्यापुढे काशीचे नाव होते. काशीला जाण्याचे रोज बोलत राहावे, म्हणजे प्रत्यक्ष न जाताही पुण्य लागते, असे आमच्या घरातली वडीलधारी माणसे म्हणत. या समजुतीमागे श्रद्धेइतकाच व्यवहार आहे. दूरचा आणि धोक्याचा प्रवास बहुतेकांना परवडणारा नव्हता.

तरीही काशीत मराठी वस्ती जुनी आहे. सोळाव्या शतकात पैठणहून गेलेल्या रामेश्वर भट्टांचे पुत्र नारायण भट्ट यांनी प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. शिवराज्याभिषेकाशी ज्यांचे नाव निगडित आहे ते गागाभट्ट याच घराण्यातले. संत एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केले. एकनाथांच्या चरित्रातला पुढचा भाग प्रस्तुत संदर्भात महत्त्वाचा आहे : ते काशीत राहिले नाहीत. ते पैठणला, आपल्या गोदावरीकाठच्या घरी परतले आणि १५९९ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. काशीचे महात्म्य मानूनही परत येता येते, हे वारकरी परंपरेतल्या या पंडित-कवीने आचरणाने दाखवले.

अठराव्या शतकात मराठी सत्तेचा विस्तार झाला आणि गंगेच्या काठी मराठी पैसा ओतला जाऊ लागला. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले. होळकर, शिंदे, नागपूरकर भोसले यांच्या नावांचे घाट आजही उभे आहेत. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या परिसरात मराठी कुटुंबे स्थिरावली. वेदपाठशाळा आल्या, अन्नछत्रे आली. काशीत गरीब माणसालाही म्हातारपण काढता येत असे, ते यामुळे. त्या स्वस्ताईचा खर्च इंदूर, ग्वाल्हेर, नागपूर आणि पुणे येथील दरबार करीत होते, आणि दरबारांचा खर्च अखेर रयत करीत होती. नांगर धरणाऱ्या ज्या कुणब्याला स्वतः काशी पाहणे शक्य नव्हते, त्याच्या महसुलाचा काही अंश तेथल्या अन्नछत्रात शिजत होता. शिवाय त्या अन्नछत्राच्या पंक्तीत कोणाला बसता येईल, हेही जातीने ठरवलेले होते. क्षेत्रवासाचे कौतुक करताना ही बाजू विसरता कामा नये.

काशी ज्यांच्या आवाक्याबाहेर होती त्यांनी जवळपास दुसऱ्या काशी शोधल्या. पैठण, वाई, कोल्हापूर या प्रत्येकाला ‘दक्षिण काशी’ म्हटले जाते, हे केवळ स्थानिक अभिमानाचे लक्षण मानू नये. जाण्यायेण्याचा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी परंपरेने काढलेली ती तोड आहे. शिवाय दक्षिण काशीचा एक मोठा गुण असा, की तेथून घरी परतता येत असे.

४

क्षेत्रसंन्यासाच्या कल्पनेचा सर्वांत विलक्षण उपयोग इंग्रजांनी केला. ३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाला. त्याच्यापुढे ठेवलेल्या अटींनुसार त्याने राज्यावरचा हक्क सोडावयाचा होता, दक्षिणेतून तातडीने निघावयाचे होते, आणि काशी किंवा उत्तर हिंदुस्थानातील दुसरे एखादे पवित्र क्षेत्र, त्याच्या विनंतीवरून गव्हर्नर-जनरल मुक्रर करतील तेथे, राहावयाचे होते. वर्षाला किमान आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन मिळावयाचे होते. भाषा क्षेत्रवासाची आहे. विनंती करण्याची सवलतही दिली आहे. त्यामुळे हद्दपारीचा हुकूम वाचताना तो तीर्थयात्रेच्या परवान्यासारखा भासतो. धर्मशास्त्रात जो संकल्प माणसाने स्वतः सोडावयाचा, तो येथे विजेत्याने पराभूताकडून सोडवून घेतला.

अखेर कानपूरजवळचे बिठूर, म्हणजे ब्रह्मावर्त, ठरले. तेव्हा बाजीरावाचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते. तो पुढे बत्तीस वर्षांहून अधिक जगला आणि २८ जानेवारी १८५१ रोजी बिठूरलाच वारला. या दीर्घ काळात गंगेच्या काठी एक लहानसे मराठी गाव वसले. त्यात आश्रित होते, कारकून होते, पुजारी होते, त्यांची कुटुंबे होती. म्हाताऱ्यांसाठी जे शेवटचे ठिकाण होते, तेच मुलांसाठी पहिले होते. बाजीरावाने १८२७ मध्ये दत्तक घेतलेले नानासाहेब येथे वाढले. तात्या टोपे यांचे वडील बाजीरावाबरोबर बिठूरला आले होते. काशीत चिमाजी आप्पांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची कन्या, पुढची झाशीची राणी, हिचे बालपण बिठूरला गेले. या पिढीला परत जाण्यासाठी पुणे नव्हते. ते तिने पाहिलेच नव्हते. वेतन मात्र बाजीरावाच्या देहाबरोबर संपले. नानासाहेबांचे अर्ज कंपनी सरकारने फेटाळले, आणि १८५७ च्या युद्धात इंग्रज फौजांनी बिठूरचा वाडा उद्ध्वस्त केला. एका माणसाच्या आयुष्यापुरत्या वेतनावर गाव उभे राहिले, तर त्यातल्या इतरांचे पुढे काय होते, याचे हे उत्तर होय.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांचीही गत निराळी नाही. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी चौदा वर्षे लंडनमध्ये खेटे घालीत राहिले. प्रतापसिंह तोवर थांबू शकले नाहीत. १८४७ मध्ये काशीतच त्यांचे निधन झाले. ज्या नगरीत मरण यावे म्हणून लोक उत्कंठेने जात, त्याच नगरीत एक राजा परतीची परवानगी मागत वारला.

५

याच काळातला एक निर्धन मनुष्य या सर्वांहून वेगळे उत्तर देतो. आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घर कर्जात होते. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे भरपूर दक्षिणा मिळेल, अशी वार्ता कोकणात पोहोचली होती. वाटेत बंडाची बातमी आली. पुढे त्यांनी झाशीचा वेढा व लूट पाहिली, काशी, ब्रह्मावर्त आणि चित्रकूट पाहिले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी संपादित करून १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. मराठी गद्यातील ते अनन्य पुस्तक आहे.

त्या पुस्तकाकडे बहुधा सत्तावनच्या संग्रामाचे साधन म्हणून पाहिले जाते. परंतु त्याचा शेवट घराकडे वळतो. दक्षिणेसाठी निघालेल्या भटजींनी मिळवलेले बरेचसे द्रव्य लुटीत गेले. त्यांनी घरी आणली ती गंगेची कावड, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. म्हाताऱ्या माणसांना गंगेकाठी नेऊन ठेवणे परवडणारे नव्हते, तेव्हा मुलाने शेकडो कोस चालून गंगा अंगणात आणली. एकीकडे आठ लाखांचे वेतन घेणारा, गंगेच्या काठी बांधला गेलेला पेशवा, आणि दुसरीकडे खांद्यावर कावड घेऊन वरसईला पोहोचलेला भिक्षुक : एकोणिसाव्या शतकातील क्षेत्रवासाचा विचार करताना ही दोन चित्रे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत, असे मला वाटते.

६

तिसरे चित्र इतिहासग्रंथांत क्वचितच येते, कारण त्याची कागदपत्रे कोणी जपून ठेवली नाहीत. ते काशीला पाठवलेल्या विधवांचे आहे. घरात वाटणी नको, पोसण्याचा भार नको, शुभकार्यात समोर यायला नको, म्हणून अनेक कुटुंबांनी आपल्या विधवा लेकीसुनांना काशीत नेऊन सोडले. जगापुढे त्याला काशीवास म्हणत. काहीजणी खरोखर श्रद्धेने गेल्या असतील. परंतु ज्यांना जाण्यापूर्वी कोणी विचारले नाही, त्यांच्या वाट्याला आलेल्या जगण्यास निवड म्हणता येत नाही.

माझ्या वडिलांची एक आत्या अशी काशीला होती. आमच्या घरात तिला ‘काशीची आत्या’ एवढेच म्हणत. मी शाळेत असताना दर महिन्याला पोस्टात जाऊन तिची मनीऑर्डर करण्याचे काम माझ्याकडे असे. काही दिवसांनी तिच्या सहीची पोच येई. मोडक्या बाळबोध अक्षरांतली ती सही मला अजून आठवते. ती परत कधी आली नाही आणि आमच्यापैकी कोणी तिला भेटावयास गेले नाही. एकदा मनीऑर्डर तशीच परत आली. वडिलांनी त्या दिवशी स्नान केले आणि कोणाशी बोलले नाहीत. पुढे साहित्याचा अभ्यास करताना क्षेत्रवासाविषयीची कितीतरी सुंदर वर्णने मी वाचली. प्रत्येक वेळी ती सही मध्ये येत राहिली. तिला तेथे राहावयाचे होते काय, हे आम्ही तिला एका ओळीनेही विचारले नव्हते.

या प्रश्नाला महाराष्ट्रात उत्तर दिले ते ज्यांनी विधवांसाठी दुसरी घरे उभारली त्यांनी. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये निघाले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू केले आणि १९०० मध्ये ते हिंगण्याला नेले. हिंगण्याला गेलेली स्त्री शिकून बाहेर पडू शकत होती, नोकरी करू शकत होती, इच्छा असल्यास पुन्हा संसार मांडू शकत होती. काशीच्या खोलीत आणि हिंगण्याच्या आश्रमात मूलभूत फरक हाच होता, की दुसऱ्या ठिकाणाहून पुढे वाट जात होती.

७

आता हा प्रश्न आमच्याही घरात आला आहे. अध्यापनातून निवृत्त झाल्यावर पुण्याची गर्दी सोडून नदीकाठच्या एखाद्या गावी जावे, असे पत्नीच्या आणि माझ्या मनात बरेच दिवस होते. त्या निमित्ताने आम्ही वाईला जाऊन राहिलो. गणपतीच्या घाटावर सकाळी बसलो. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ पुराचे लोंढे सोसत कसे उभे आहे, ते पाहिले. या गावाने विश्रांतीसाठी आलेल्यांपेक्षा कामासाठी राहिलेल्यांमुळे अधिक नाव मिळवले, हेही मला तेथे जाणवले. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा येथली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा संसार येथेच मांडला आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला. म्हाताऱ्या माणसाला नदी जितकी लागते तितकेच बोलायला कोणीतरी लागते, हे वाईच्या वाड्यांना ठाऊक होते.

नदी मात्र पूर्वीची नाही. वरच्या अंगाला धोमचे धरण झाल्यापासून कृष्णेचे पाणी धरणाच्या दारांच्या हिशेबाने वाहते. खाली सांगलीकडे २०१९ च्या पुरात लोकांना घरे सोडावी लागली. पाण्याजवळचे घर रम्य असते, तसेच ते पाण्याच्या वाटेवरही असते. तिकडे काशीतही विश्वनाथ मंदिर आणि गंगा यांच्यामधली अनेक जुनी घरे काढून मोठा परिसर मोकळा करण्यात आला; १३ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. ज्या गल्ल्यांतून वृद्ध यात्रेकरू भिंतीला हात लावत घाटाकडे उतरत, त्यांपैकी काही आता उरलेल्या नाहीत.

वाईहून परतल्यावर मी नेहमीच्या सवयीने एक टिपण केले. घरभाडे किती, रुग्णालय किती लांब, पूररेषा कोठे, ग्रंथालयाची वेळ काय, असे दहा-बारा प्रश्न त्यात होते. पत्नीने ते वाचले आणि पेन्सिलीने खाली एक प्रश्न वाढवला : ‘परत यावेसे वाटले तर?’

मी या विषयावर वाचलेल्या सर्व ग्रंथांपेक्षा तो प्रश्न मला अधिक नेमका वाटला. गोपिकाबाई, रघुनाथराव, बाजीराव, प्रतापसिंह आणि आमच्या घरातली ती आत्या, या सर्वांना नदी मिळाली होती. त्यांच्यातला फरक नदीने केला नाही. तो त्या एका प्रश्नाच्या उत्तराने केला. पुण्याचे घर तूर्त न विकता वाईला वर्षभरासाठी दोन खोल्या भाड्याने घ्याव्यात, असे आम्ही ठरवले आहे. वर्ष संपले की पुन्हा विचार करू. वारीला निघालेला माणूस सामान मोजकेच घेतो, आणि मागे घराला कुलूप लावून किल्ली शेजारी देऊन जातो.